शेवटच्या नंबरचा फोन

यादोराव काकाजी कोणाच्याही घरचं राऊटर उघडण्याआधी त्या घरातल्या सगळ्यांना समोरच्या खोलीत बोलावत. बाई कणकेच्या हातांनी येई, म्हातारा काठी टेकत येई, पोरं दाराशी उभी राहत. मग काकाजी घरच्या कर्त्याकडे पाहून विचारत, "या घरात कोनाचं काम आधी? बोल. सगळ्याईसमोर बोल." माणूस हसून वेळ मारून न्यायचा, सगळ्यांचंच आधी म्हणायचा. काकाजी हसत नसत. "सगळेच पह्यले रायत नायी. मी नायी विचारत, डब्बा विचारते."

डबा खरंच विचारतो. एकाच वेळी सगळ्यांनी इंटरनेट मागितलं तर कोणाला पुढे सोडायचं आणि कोणाला थांबवायचं, हे राऊटरमध्ये ठरवून ठेवता येतं. आमच्या सालेकसा भागात बहुतेक जण ते तसंच सोडून देतात. काकाजी सोडत नसत. टेलिफोनच्या खात्यात लाइनमन म्हणून त्यांनी उमर काढली होती. निवृत्तीनंतर गावोगाव सायकलने जाऊन ते हेच काम करत, आणि चहाशिवाय काही घेत नसत.

आमच्याकडे तीन तऱ्हेच्या लाइनी आल्या. आधी टेलिफोनची जुनी तार, मग फायबर, आणि जिथे दोन्ही पोचलं नाही तिथे सिमकार्डाचा डबा. काकाजी म्हणत, "तांबं बुढं होते, काच खोटं बोलत नायी, अन् हवा कोनाचीच नायी." जुन्या तारेवर ते पावसाळ्यात डब्यातला वेगाचा आकडा कमी करत. फायबरवर एकदा मोजून लावत आणि पुन्हा हात लावत नसत. सिमवाल्या घरी मात्र वर्षातून चारदा जात. माघात कचारगडची यात्रा भरली की लाखभर माणसांचे फोन एकाच टॉवरवर येतात. त्याच्या दोन दिवस आधीच ते आकडे उतरवून येत. लाइनीचा पुरा वेग ते कुठेच वापरू देत नसत. त्याचं कारण त्यांनी मला धानाच्या खाचरांच्या भाषेत सांगितलं होतं. "नहर काठोकाठ वाहू देली का पानी आपल्या हाती रायत नायी. दाराशीच जरासं दाबून धराचं. मंग कोन्त्या बांधीले किती, ते आपन ठरवाचं."

मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमचं घर त्यांच्या शेजारी, मध्ये फक्त पंधरा पावलांचं अंगण. माझी आई मी सात वर्षांचा असताना गेली. त्यानंतर यादोराव काकाजींच्या बायकोने, सकुनकाकीने, मला स्वतःच्या मुलाच्या, प्रकाशच्या, ताटाशेजारी ताट मांडून वाढवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात माझा हात आहे.

एकदा एका शेतकऱ्याच्या घरी मी त्यांच्यासोबत होतो. त्याची मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करत होती आणि मुलगा दिवसभर गेम खेळायचा. काकाजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाप घुटमळला आणि म्हणाला, पोराचं आधी, तो लय कटकट करते. मुलगी खुंटीला धरून उभी होती. काकाजींनी तेच, त्याच क्रमाने भरलं. परत येताना मी म्हणालो, थोडं समजावून सांगायचं होतं त्याला. ते सायकल थांबवून म्हणाले, "मी काऊन समजावू? त्याच्या मनात होतं तेच बाहेर आलं. पोरीले आज समजलं, ते बरं झालं. नायी तं लग्नात समजलं असतं." त्या मुलीने पुढे बापाला वाढणं सोडलं, असं ऐकलं. मी ते काकाजींना सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, जणू तारेतला दोष बरोबर सापडला होता.

प्रकाशला मस्कतला नोकरी लागली तेव्हा त्यांनी हाच प्रश्न अंगणात विचारला. निरोप द्यायला नातेवाईक जमले होते. बॅग दारात होती. "मायबाप आधी का नौकरी आधी? सगळ्याईसमोर बोल." काकी म्हणाली, पोराले जाऊ द्या ना आता. प्रकाश बापाचाच मुलगा होता. तो म्हणाला, "नौकरी." आणि बॅग उचलली. त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. तो दर रविवारी काकीच्या फोनवर फोन करायचा, चेहरा दिसेल असा.

पण चेहरा दिसायचा नाही. आवाज नीट यायचा. चित्र दोन क्षण हलायचं, मग त्याचे चौकोन व्हायचे आणि ते गोठायचं. कधी प्रकाशचा एक डोळा मिटलेला राही, कधी तोंड अर्धं उघडं. काकीची एवढीच इच्छा होती की त्याने तिच्यासमोर जेवावं. तो ताट घेऊन बसायचाही. पहिला घास उचलला की हात हवेत थांबायचा. मी म्हणायचो, काकी, तो फोटो तर पाठवतो ना. ती म्हणायची, "फोटोतला जेवत नायी, बापा." काकाजी पलीकडे खुर्चीत बसून सांगायचे, तिकडचं नेट खराब आहे. ती मान डोलवायची. नेटमधलं त्यांना समजतं, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

मग आमच्या गल्लीत फायबर आलं. काकाजी तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गोंदियाला होते. डोळ्याला पट्टी होती, म्हणून त्यांनी फोनवरून एकेक आकडा सांगितला आणि मी नव्या डब्यात भरत गेलो. पहिला त्यांचा फोन, दुसरा टीव्ही, तिसरा माझा फोन, कारण मी संध्याकाळी तिथेच बसत असे. प्रत्येकापुढे वेगाचे आकडे, हजारांतले. शेवटी ते म्हणाले, "आता तिचा. लिही, एकशे वीस."

मी विचारलं, एकशे वीसच्या आधीचे हजार म्हणायचे राहिले का?

"नायी. एकशे वीस."

मला समजायला वेळ लागला. एवढ्यात आवाज पुरता जातो, चेहरा जात नाही. जुन्या डब्यातही हेच असणार, इतकी वर्षं. मी हळूच म्हणालो, काकाजी, ती प्रकाशला पाहते त्यावर.

"आवाज जाते ना तिले? मंग. तोंड पायचं असंन तर त्यानं इथं यावं."

मी एकशे वीस लिहिलं. माझ्या हाताने. नंतर स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली. डबा त्यांचा होता. क्रम ठरवायचा तो घरच्या कर्त्याने, असा त्यांचाच नियम होता. खरं एवढंच की मी त्यांना भीत होतो आणि त्यांच्या मर्जीतून उतरायचं नव्हतं. काकीला हात धरून, काकाजींच्या नजरेआड, माझ्या घरी आणून माझ्या फोनवर तिचा मुलगा दाखवता आला असता. पंधरा पावलं. मी ती चाललो नाही.

फायबर आल्यावर सगळ्या गल्लीत सिनेमे न अडखळता चालू लागले. एका रविवारी काकी गोठलेल्या चित्राकडे पाहत मला म्हणाली, "तिकडं आजून तांब्याचीच तार आहे का गा?" मी हो म्हणालो. पुढच्या उन्हाळ्यात ती तापाने गेली. प्रकाश दहाव्याला आला, तीन दिवस राहिला, बापाशी बोलला नाही. तिचा फोन चालू ठेवा, एवढं मला सांगून गेला.

दिवाळीनंतर काकाजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी कळवल्यावर प्रकाशने तिच्याच फोनवर फोन केला. सुट्टी मंजूर व्हायला आठवडा होता. मी फोन काकाजींच्या तोंडासमोर धरला. प्रकाश दोन क्षण दिसला, आणि चित्र गोठलं. आवाज स्वच्छ येत होता. "बाबा, दिसून राहिलो का मी?"

काकाजींनी डावा हात उचलला. भिंतीवरच्या फळीवर डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, तिकडे बोट केलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा बोट केलं. त्यांच्या घशातून आवाज येत होता, शब्द होत नव्हता. मला पासवर्ड ठाऊक होता. एका मिनिटाचं काम होतं.

मी म्हणालो, "तिकडचं नेट खराब आहे, काकाजी."

त्यांचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला. तालुक्यात एकाच माणसाला हे खोटं लगेच कळलं असतं, आणि ते माझ्यासमोर पडले होते. त्यांनी हात खाली ठेवला. पुढच्या चार दिवसांत प्रकाशने तीनदा फोन केला. प्रत्येक वेळी मी फोन धरला. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं नाही. फोन वाजला की ते डोळे मिटून आवाज ऐकत. मी त्यांना पाणी पाजत होतो, कूस बदलत होतो, अंग पुसत होतो. एवढंच करत नव्हतो.

पाचव्या दिवशी सकाळी ते गेले. प्रकाशला विमान मिळालं नाही. तो म्हणाला, नेण्याआधी एकदा दाखव. मी फळीजवळ गेलो आणि एकशे वीस पुसलं. मग अंगणात येऊन काकीचा फोन त्यांच्या चेहऱ्यावर धरला. प्रकाश रडत होता आणि त्याचा प्रत्येक अश्रू दिसत होता. वीस मिनिटं मी फोन धरून उभा होतो. चित्र एकदाही थांबलं नाही.

शेवटी नाक पुसत त्याने विचारलं, "लाइन सुधारली का गा आता?"

मी म्हणालो, "हो."