खोबऱ्याचे दात

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. मी माझं तोंड जवळजवळ कायमचं बिघडवून घेतलं होतं, आणि तेही स्वतः सही करून!

झालं असं, की माझे सगळे दात गेले. कवळी सैल. थंडीत अख्खं ग्वाल्हेर तिळगुळाची कडक गजक कडाकडा खातं आणि मी ती दुधात भिजवून खायचो. हे काय जगणं झालं? शेवटी हरिशंकरपुरमच्या एका डॉक्टरीणबाईंकडे पक्के दात बसवायचं ठरवलं. हाडात स्क्रू आणि त्यावर आयुष्यभराचे दात.

बाईंनी जबड्याचा स्कॅन काढला. म्हणाल्या, सगळी आखणी आधी कॉम्प्युटरवर होईल, तुमचा जुना हसरा फोटो पाठवा, दात तसेच करू.

हसरा फोटो! आमचं घराणं जुनं फौजी. फोटोत दात दाखवणं म्हणजे वडिलांच्या लेखी बेशिस्त. लग्नाच्या फोटोतसुद्धा मी पहाऱ्यावर उभा असल्यासारखा दिसतो. अल्बम उपसता उपसता एकच सापडला. पंचविशीतला मी, खदखदून हसतोय, आणि डोक्यावर काय ते केस! मी केसांकडेच बघत राहिलो आणि फोटो पाठवून दिला.

आठ दिवसांनी पडद्यावर माझा चेहरा गोल फिरू लागला. वरचे दोन दात जरा पुढे वाटले. जरा म्हणजे, माझ्या आधी तेच पोचले असते.

"आपकी ही मुस्कान है अंकल, हूबहू," बाई कौतुकाने म्हणाल्या.

आता कॉम्प्युटरशी कोण वाद घालणार? म्हटलं, असेन बुवा मी तसा. केली सही. सोमवारी ऑपरेशन ठरलं.

शुक्रवारी नमुन्याचे दात घालून बघायचे होते. सोबत आमची ही आली. दात बसवले, तर ओठच मिटेनात. हे आता आयुष्यभर?

ही माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने तो फोटो मागितला.

"अहो, हा दाना ओली मोहल्ल्याच्या गणपतीतल्या नाटकाचा फोटो आहे ना? हे तर खोबऱ्याचे दात!"

होतेच हो! दाताळ मामाच्या भूमिकेसाठी मीच ते कापून बसवले होते, आणि पडदा पडल्यावर खाऊनही टाकले होते. चाळीस वर्षांत साफ विसरलो.

बाईंनी आखणी तिथेच पुसली. म्हणाल्या, अजून एकही स्क्रू लागलेला नाही, आता चेहऱ्याच्या मापाने नव्याने करू. खरं सांगतो, इतकं हायसं वाटलं की माझे डोळेच भरून आले.

मग बाईंनी हिला विचारलं, "आंटी, आपने पहचाना कैसे?"

"शादी से पहले इन्हें उसी नाटक में देखा था. दाँत असली समझी थी."

"फिर भी हाँ कर दी?"

"बाल अच्छे थे."

बाईंनी माझ्या टकलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सॉरी अंकल, उसकी प्लानिंग हमारे यहाँ नहीं होती."