थांबून ऐकणारे सर

"निवांत. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय," सर म्हणायचे आणि खुर्चीत थोडे मागे रेलायचे. समोरच्याचा शब्द अडकलेला असायचा. ओठ मिटलेले, मान ताठ, डोळे छताकडे. अशा वेळी माणसं काय करतात ते तुम्हीही पाहिलं असेल. कुणी जमिनीकडे बघतं, कुणी मोबाइल काढतं, कुणी भलेपणानं शब्द पुरवतं. सर यातलं काहीच करत नसत. एखादा दारात उभा राहून खिशात किल्ली शोधत असावा आणि आपण त्याच्या मागे थांबावं, तसे ते थांबायचे.

सर मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. रविवारी सकाळी कॉलेजातल्या त्यांच्या खोलीत आम्ही अडखळणारे जमायचो. भिंतीवरचं घड्याळ ते उतरवून कपाटात ठेवायचे. सोमवारी शिपाई ते परत लावायचा. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि दोघं त्याबद्दल एकमेकांशी कधी एक शब्द बोलले नव्हते.

मी त्यांच्याकडे गेलो ते लग्न ठरलं म्हणून. आमच्याकडे बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिशरण आणि पंचशील सगळे मिळून म्हणतात. नंतर नवरा आणि नवरी आपापल्या प्रतिज्ञा माइकवर म्हणतात. माझी पहिलीच होती, 'मी माझ्या पत्नीचा नेहमी सन्मान करीन.' 'प' हे माझं सगळ्यात अवघड अक्षर. आणि तिथं शब्द बदलायची सोय नव्हती.

तोवर माझं सगळं आयुष्य शब्द बदलण्यावर चाललं होतं. मी ग्रंथालयात नोकरी करतो, त्यामुळे लोकांना वाटायचं, वाचून वाचून हा असं पुस्तकी बोलतो. सरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. त्यांनी नाव लिहायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "लेखणी आहे का?"

"लेखणी?" सर म्हणाले. "बोरू चालेल?"

मग त्यांनी चहा घेणार की कॉफी विचारलं. मी कॉफी म्हणालो.

"आवडते?"

"नाही."

"मग?"

 'च'वरही मी अडकायचो, म्हणून कित्येक वर्षं कॉफी पीत आलो होतो. सरांना ते सांगावं लागलं नाही. ते मला खाली कँटीनमध्ये घेऊन गेले आणि म्हणाले, "माग." मी चहा मागितला. बराच वेळ लागला. मागे रांग झाली. चहा बरा होता.

सरांची शिकवण्याची तऱ्हा अशी की कधी कधी ते स्वतःच लोकांसमोर मुद्दाम अडखळायचे. एकदा क्रांती चौकात त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "र-र-र-रेल्वे स्टेशन?"

"आराम से चाचा," रिक्षावाला म्हणाला. "पैले पानी पियो. ट्रेन कित्ते बजे की है?"

"ट्रेन नहीं पकडनी."

"तो स्टेशन कायकू जाते?"

"चाय पीने," सर घडाघडा म्हणाले. रिक्षावाल्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि म्हणाला, "बैठो दोनों."

रिक्षात सर म्हणाले, "पाहिलंस? त्यानं पाणी विचारलं. याहून वाईट काही होत नाही."

"हो-होतं," मी म्हणालो. "शाळेत झालंय."

 "होतं," ते म्हणाले. "पण आज नाही झालं."

कौतुकाच्या बाबतीत ते कंजूष होते. एखाद्या रविवारी मी सरळ बोललो की त्यांना संशय यायचा. "आज फार गुळगुळीत बोलतोयस. कोणता शब्द टाळलास?"

लग्न जवळ आलं तेव्हा माझे काका सरांना भेटायला आले. वडिलांच्या मागे त्यांनीच मला वाढवलं. वाळूजच्या एका कंपनीत ते कामाला होते.

"सर, वंदना म्हनताना ह्यो कधीच अडकत नाय," काका म्हणाले. "म्या लहानपनापासून बघतोय. मंग प्रतिज्ञाबी समद्यांनी संगं म्हनली तर? कुनाला कळनारबी नाय."

"तुमचं निरीक्षण बरोबर आहे," सर म्हणाले. "चारचौघांच्या आवाजात आवाज मिसळला की अडखळणं थांबतं."

"व्हय ना? मंग बौद्धाचार्यांला सांगून ठिवतो."

"ज्याचं लग्न आहे त्याला विचारा."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी विचार करतो म्हणालो. परतताना काका बसमध्ये एवढंच म्हणाले, "तुझे सर लई हट्टी मानूस हायेत."

रात्री मी प्रज्ञाला, माझ्या होणाऱ्या बायकोला, फोन केला. माझं अडखळणं तिला पहिल्या भेटीपासून माहीत होतं. ती म्हणाली, "माझ्या प्रतिज्ञा मी एकटीच म्हणणार. तुमचं तुम्ही ठरवा." मग म्हणाली, "मला घाई नाही."

लग्न बजाजनगरच्या हॉलमध्ये झालं. काकांनी सांगून ठेवलंच होतं, त्यामुळे प्रतिज्ञांच्या वेळी बौद्धाचार्य म्हणाले, "सर्वांनी माझ्या मागून म्हणावं." मी माइक घेतला.

"मी ए-ए-एकटा म्हणतो."

काकांचा चेहरा उतरला. 'मी माझ्या' इथवर आलो आणि ओठ मिटले. माइक घूं करत होता. पुढच्या रांगेत काका आवाज न करता ओठांनी 'पत्नीचा' म्हणत होते. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हटलं, "पत्नीचा, पत्नीचा." प्रज्ञा शेजारी नुसती उभी होती. व्हिडिओवाला भला माणूस. माझी फजिती नको म्हणून त्यानं दिव्यासकट कॅमेरा पाहुण्यांकडे फिरवला, आणि त्या उजेडात मला सर दिसले. तिसऱ्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत रेलून बसलेले. हसत नव्हते, मान हलवून धीरही देत नव्हते. बघत होते. कॅमेरा परत माझ्यावर आला, मग 'पत्नीचा' आला. तुकड्या-तुकड्यांनी आला, आणि मी तो तसाच येऊ दिला. राहिलेल्या प्रतिज्ञाही धडपडतच पार पडल्या.

जेवणाच्या वेळी सर ताट घेऊन आमच्यापाशी आले. "'पत्नी'वर चांगला अडकलास," ते म्हणाले. "पळाला नाहीस."

काका म्हणाले, "सर, माजा तर जीव गेला व्हता."

"माझाही," सर म्हणाले आणि भात कालवायला लागले.

या उन्हाळ्यात सर गेले. शोकसभेहून आल्यावर आम्ही त्यांचा फोटो शोधला. अल्बममध्ये नव्हता, कारण ते फोटोसाठी स्टेजवर आलेच नव्हते. मग प्रज्ञानं लग्नाचा व्हिडिओ लावला. तो आम्ही पूर्वी एकदाच पाहिला होता. व्हिडिओवाल्यानं माझं अडकणं कापून टाकलं होतं. काकांना ते फार आवडलं होतं आणि त्यांनी नातेवाइकांना बोलावून तो दाखवला होता. त्यात मी एका दमात म्हणतो, 'मी माझ्या पत्नीचा नेहमी सन्मान करीन.'

मी व्हिडिओवाल्याला फोन करून, कॅमेरा पाहुण्यांकडे फिरवलेला तो कापलेला भाग मागितला.

"दादा, तुमच्यासाठीच काढला हो तो," तो म्हणाला. "आता कुठून राहणार?"

मी त्याचे आभार मानले. प्रज्ञानं व्हिडिओ मागे नेऊन तेवढं वाक्य पुन्हा लावलं. 'माझ्या' म्हटल्याबरोबर 'पत्नीचा' येतो. मधे चित्र किंचित उडतं, गळ्यातला हार जागचा हलतो. सर तिथं होते.