रामनाथनं सांगितलं म्हणून

खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात सरकारी नोकरीला लागलेला पहिला माणूस म्हणजे रामनाथ. मालाडच्या पश्चिमेला, तिवरांच्या पलीकडे, लष्कराचा तेलाचा डेपो होता. मोठमोठ्या टाक्या, भोवती तारेचं कुंपण, फाटकावर बंदूकवाला. फौजेच्या गाड्यांना लागणारं डिझेल तिथं साठवायचं आणि हुकूम येईल तिकडं टँकर भरून पाठवायचे. रामनाथ टाक्यांचे व्हॉल्व्ह सांभाळायचा. बापूस दर्यात गेला तो परत आलाच नव्हता; आई अंजनाबाईनं मालाडच्या बाजारात माशांची पाटी मांडून त्याला मॅट्रिकपर्यंत नेलं होतं. त्यामुळं खाकी कपडे घालून तो सायकलवर टांग टाकायचा तेव्हा म्हातारीकोतारीसुद्धा कौतुकानं बघायची. रेशनकार्ड असो, शाळेचा दाखला असो, वाड्यात एकच उत्तर ठरलेलं: "रामनाथला विचार."

चौऱ्याऐंशी सालचा पावसाळा सरत आला होता. डेपोतल्या प्रत्येक टाकीभोवती सिमेंटचा बांध होता. त्यात साचलेलं पावसाचं पाणी व्हॉल्व्ह उघडून नाल्यात सोडायचं, नाला पुढं खाडीला मिळायचा. पाणी संपेपर्यंत माणसानं तिथून हलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला की व्हॉल्व्ह तत्काळ बंद.

त्या दुपारी रामनाथनं व्हॉल्व्ह उघडला आणि कँटीनमध्ये कॅरम खेळायला बसला. पावसाचंच तर पाणी, त्यात काय बघायचं! आदल्या पाळीत एका पाइपाचा जोड सुटून बांधात डिझेल सांडलं होतं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण जागेवर उभा असता तर डोळ्यांना दिसलंच असतं. राणी घेऊन, हसत हसत तो परत आला, तेव्हा बांध कोरडा पडला होता आणि नाल्याच्या कडेचं गवत काळपट, तेलकट होऊन आडवं झालं होतं.

त्यानं धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. मागं सुपरवायझर चंद्रप्रकाश उभा होता.

"मुँह बंद रखना," तो म्हणाला. "जोड मेरी ड्यूटी में खुला था. तू भी जाएगा, मैं भी."

खाडीत मासेमारीची डोल जाळी लावलेली होती. दुसऱ्या दिवशीची बोय आणि कोळंबी दिसायला नेहमीसारखीच होती, म्हणून बाया ती बाजारात घेऊन गेल्या. अंजनाबाईच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांत नलिनीबाई नावाच्या एक शाळामास्तरीण होत्या. त्या त्याच संध्याकाळी शिजवलेल्या माशांचा डबा घेऊनच परत आल्या. "मावशी, हुंगून बघा. घरात एकालाही घास गिळवला नाही. रॉकेलात धुतलंत काय मासे?" आजूबाजूच्या पाट्यांवरच्या बाया वळून बघायला लागल्या. उभ्या आयुष्यात शिळं म्हावरं न विकलेली अंजनाबाई. तिनं पाटीवर ओलं फडकं ओढलं.

वाडा संतापानं पेटला. होडीवाल्यांचा पुढारी चंदर म्हणाला, "डेपोच्या फाटकावर मोर्चा न्यायचा. बाया पुढं, आपण मागं." ही बातमी डेपोत पोचायला वेळ लागला नाही. चंद्रप्रकाशनं रामनाथला गोदामामागं गाठलं.

"तू उनका आदमी है. बोल दे, बाहर कोई जहाज तेल छोड़ के गया. तेरी बात मानेंगे."

रामनाथ नाही म्हणू शकला असता. पण त्याला बायको मथुरा दिसली, दोन पोरं दिसली, सायकलवरून निघताना कौतुकानं बघणारी माणसं दिसली. देवळापुढं सभा भरली तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी आतला माणूस हाय. आमच्याकडनं थेंब गेला नाय. भायेर कुठल्या तरी जहाजानं सोडलंय."

"खातरीनं सांगतंस?" चंदरनं विचारलं.

"खातरीनं."

वाड्याचे म्हातारे पाटील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते काठी टेकत उठले. "मग मोर्चा कशाला? रामनाथ आपल्याशी खोटं बोलंल काय?"

शंका घेतली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला सोसलं असतं. पण सगळ्यांनी मान डोलावली. चंदरनं तर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या नसलेल्या जहाजाला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. रामनाथला वाटलं, इथल्या इथं जमीन फाटावी.

घरी मथुरानं ताट वाढलं. अंजनाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"जहाजाचा वास मना ठावा नाय," ती म्हणाली. "पन त्या डब्यातला वास मना वलखीचा हाय. तुज्या शर्टाचा वास हाय त्यो."

रामनाथची मान वर होईना. मथुराच्या हातातली पळी भातातच थांबली. त्याला वाटलं, आय आता आरडाओरडा करील, शेजारीपाजारी गोळा होतील. तसं काहीच झालं नाही.

"उंद्या तुला सुट्टी हाय ना? माज्यासंगं बाजारात चल," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

सकाळी आईची पाटी त्यानं डोक्यावर घेतली. मासे वर्सोव्याहून आणलेले, ताजे फडफडीत. तरी गिऱ्हाईक फिरकेना. ओळखीच्या बाया लांबून वळसा घालून दुसऱ्या रांगेत जात होत्या. एकीनं नाकाला पदर लावला. अंजनाबाई ओरडत राहिली, "ताजा हाय गं बाय, बघ तरी, कल्ले बघ!" आवाज बसेस्तोवर ओरडली. नलिनीबाई समोरून गेल्या. अंजनाबाईनं हाक मारली, त्या थांबल्या नाहीत. आपल्याकडं आय एकदाही वळून बघत नाही, हे रामनाथच्या लक्षात आलं. शेजारच्या कोळणी मात्र त्याला पाणी देत होत्या. बिचारा सुट्टीच्या दिवशीही आईच्या मदतीला आला म्हणून. ते पाणी त्यानं न पिताच पाटीतल्या माशांवर शिंपडलं.

दुपारी तो उठला आणि थेट चंदरच्या होडीपाशी गेला. चंदर जाळं शिवत होता.

"जहाज-बिहाज काय नव्हतं," रामनाथ म्हणाला. "व्हॉल्व्ह मीच उघडा टाकला. क्यारम खेळत होतो."

चंदरचा हात थांबला. "आनि काल देवळापुढं?"

"खोटं बोललो."

तो मारील असं रामनाथला वाटलं. मारावं असंही वाटलं. चंदरनं जाळं बाजूला सारलं. मग म्हणाला, "हे भाऊंना तू सांग. मना तोंड नाय त्यांना सांगायला."

संध्याकाळी देवळापुढं त्याच जागी उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि ते काठी टेकत घरी निघून गेले.

मोर्चा निघाला. डेपोचे साहेब फाटकावर आले. चौकशी झाली, नाल्याच्या तोंडाशी तेल अडवणारा हौद बांधला गेला. चंद्रप्रकाशची बदली झाली. रामनाथची नोकरी वाचली, पण व्हॉल्व्ह त्याच्याकडनं काढून घेतले आणि त्याला रिकामी पिंपं रचायला लावलं. वाड्यानं त्याला वाळीत टाकलं नाही. लग्नाला बोलावणं येई, होळीला पालखीला खांदा द्यायलाही मिळे. अंजनाबाईची पाटीही हळूहळू पुन्हा चालायला लागली.

पण एकदा देवळापुढं होड्यांच्या परवान्याची गोष्ट निघाली होती. सरकारी कागद आला होता, कुणालाच नीट कळत नव्हता. रामनाथ तिथंच बसला होता. त्यानं वाचून अर्थ सांगितला. सगळ्यांनी ऐकलं, कुणी काही वाकडं बोललं नाही. मग भाऊंनी कागदाची घडी घातली आणि चंदरला शांतपणे म्हणाले, "उंद्या मालाडला जाऊन कुनाला तरी विचारून ये."