अकरा बोटं हळद

खत पिकायच्या आधीच मी खड्डा उघडला आणि बहिणीचं हळदीचं बेणं नासवलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली गोष्ट. मी निजामाच्या मुलखात, वसमतजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. धाकटी बहीण विधवा होऊन दोन लेकींसह माझ्याकडे आली, तेव्हा बैलगाडीत एक ट्रंक आणि बेण्याचं एक पोतं होतं. नवऱ्याने स्वतःच्या हाताने निवडलेलं ते शेवटचं बेणं. शेत दिरांनी ठेवून घेतलं. बेणं तेवढं तिने त्यांच्याकडून मागून घेतलं. ते परसात लावायचं, दर वर्षी पुढे चालवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

परसात उकिरडा होताच. पण गल्लीत उर्दू वाचता येणारा मी एकटा, आणि माझ्या हाती खड्ड्यात खत कसं करावं याचं एक छापील सरकारी उर्दू पत्रक लागलं होतं. मी खड्डा खणला. म्हणजे गड्याने खणला, मी काठावर उभा राहून पत्रक वाचलं. भाच्या सहा नि नऊ वर्षांच्या. बाप गेल्यापासून दोघी फारशा बोलत नसत. त्यांना मी कामाला लावलं. शेण, चुलीतली राख, भाजीची देठं, कडुलिंबाचा पाला, थरावर थर. थोरली पाणी शिंपडायची, धाकटी नाचून थर दाबायची. हळूहळू घरात त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. त्याचं श्रेयही मी स्वतःकडेच घेतलं.

खड्डा बुजवल्यावर किती महिने थांबायचं, ते पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. मी मोजले ते पहिल्या टोपलीपासून. भाच्या तर आदल्या दिवसापर्यंत देठं टाकत होत्या. अक्षय तृतीयेनंतर, लावणीच्या दिवशी, फावडं मारलं तर आतून वाफ आली. पोरी हरखल्या. मीही हरखलो; ही खताची ताकद, म्हणालो.

बहिणीने मूठभर उचलून नाकाशी नेलं.

"दादा, याला शेणाचाच वास येऊन राहिला. मातीचा वास येस्तवर थांबावं लागतं. उकिरड्याचं जुनं खत घालू."

मी तिच्यापुढे पत्रक धरलं. तिला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. सरीत ते वाफाळतं खत पडलं आणि त्यातच तिने बेणं लावलं.

कोंब यायचे दिवस आले, सरीवर काहीच दिसेना. एका सकाळी तिने सरी उकरली. गड्डे इतके मऊ पडले होते की बोट लावलं तर आत जाई. ती दिवसभर एकेक गड्डा धुऊन सुपात निवडत बसली. सगळ्या पोत्यातून हळदीची अकरा बोटं, म्हणजे ओली हळकुंडं, जिवंत निघाली.

थोरली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, आमी टाकलेल्या देठांनी झालं का?"

"न्हाई बाई. माझ्यामुळं झालं," मी म्हणालो. वर्गात कधी चूक कबूल न केलेल्या माणसाला तेवढं म्हणायलाही वेळ लागला.

ती अकरा बोटं तिने उकिरड्याच्या तळची काळी माती घालून लावली. दोघी लेकी शेजारी बसून माती सारखी करत होत्या. आपलाही हात लागावा म्हणून मी टोपली उचलली आणि खड्ड्याकडे निघालो.

बहिणीने मान वर न करताच सांगितलं, "लेकरांनो, मामा खड्ड्याजवळ दिसला की मला हाक मारत जा."