गाडी पुसून ठेवणारा चोर

ती घटना आठवली की आजही आधी डोकं खाजवावंसं वाटतं. चेन्नई पोलिसांत माझी सगळी नोकरी गेली. घरफोड्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, खून पाहिले. पण ज्यात प्रत्येक माणूस आपापल्या परीने खरं बोलतोय आणि तरीही कशाचा कशाला मेळ बसत नाही, असं प्रकरण तेवढं एकच. नावं कोणाचीच देत नाही. त्यातली माणसं अजून चेन्नईतल्या मैलापूर भागातच राहतात आणि देवळात समोरासमोर येतात.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ, अशा घरात मी वाढलो. त्यामुळे महाराष्ट्रातून नोकरीसाठी इकडे आलेली मुलं भेटली की मला हमखास विचारतात, "काका, जुनी गाडी घेतोय, काय काय बघू?" पोलीस म्हणजे गॅरेजवाला, असा त्यांचा समज असावा. इंजिनातलं मला फारसं कळत नाही. मी त्यांना हीच हकीकत सांगतो.

एका सकाळी साताऱ्याकडची एक मुलगी आमच्या मैलापूर पोलीस स्टेशनात आली. पेरुंगुडीला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायची आणि मैलापुरात भाड्याने राहायची. तिचं अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी ऐकून आमचे हेड कॉन्स्टेबल थकले. त्यांना इकडच्या पद्धतीप्रमाणे सगळे एट्टय्या म्हणत. त्यांनी तिला माझ्यासमोर आणून बसवलं. मी मराठीत बोललो तेव्हा ती दचकली आणि मग एका दमात म्हणाली, "सर, माझी गाडी कोणीतरी चोरून नेतं."

"कधीपासून गायब आहे?"

"गायब नाहीये. जागेवर आहे. नेतात आणि परत आणून ठेवतात."

"मग चोरीला काय गेलं?"

"काहीच नाही सर. उलट पेट्रोल जास्त असतं."

मी हे तमिळमध्ये सांगितल्यावर एट्टय्या तोंड फिरवून हसले. "अय्या, त्या चोराला माझ्या गल्लीचा पत्ता द्या," ते म्हणाले. मलाही हसू आलं, पण मुलीने पर्समधून एक नोटीस काढून टेबलावर ठेवली आणि हसणं थांबलं. बाजाराजवळ तिच्या गाडीने एका स्कूटरला धडक दिली होती. स्कूटरवरच्या शिक्षिका बाईंचा पाय मोडला होता आणि गाडी न थांबता निघून गेली होती. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, ते मालकाने कळवावं, असं वाहतूक शाखेने लिहिलं होतं. कायद्याने मालकाला ते सांगावंच लागतं.

आता तिची पंचाईत बघा. अपघात झाला तेव्हा ती ऑफिसात होती. हजेरीच्या मशीनमध्ये तशी नोंद होती. रोज ती लोकल रेल्वेने जायची, गाडी फक्त सुट्टीच्या दिवशी काढायची आणि एरवी ती गल्लीत कव्हर घालून उभी असायची. पण वाहतूक शाखेचे अधिकारी तिला एवढंच विचारत होते, "तुम्ही नव्हता, तर कोण होतं?" ते तिला माहीत नव्हतं. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात गाडीचा नंबर स्पष्ट दिसत होता, काचेवर मात्र ऊन चमकत होतं. कंपनी तिला परदेशी पाठवणार होती आणि त्यासाठी पोलिसांचा दाखला लागणार होता. नावावर गुन्हा आला की दाखला अडणार, परदेश राहणार, शिवाय जखमी बाईंना टाकून पळाल्याचा डाग लागणार.

"किल्ल्या किती?" मी विचारलं.

"एकच. ती माझ्याजवळ असते. दुसरी हरवली असं विकणाऱ्यांनी सांगितलं."

"आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत?"

ती ओशाळली. "ते मराठी निघाले सर. इथे आपलं माणूस भेटल्यावर किती खोदून विचारायचं? त्यांच्या बायकोने कॉफी दिली, माझी ओटी भरली."

ही चूक मी इकडे आलेल्या मुलांत अनेकदा पाहिली आहे. महाराष्ट्रात हीच मुलगी गाडी घेताना चार मेकॅनिक बरोबर घेऊन गेली असती. चेन्नईत मराठी शब्द कानावर पडला आणि तिने डोळे मिटले.

निघताना तिने दबकत आणखी एक गोष्ट सांगितली. चाकाखाली तिला चिरडलेली लिंबं सापडत. गाडीतल्या गणपतीला ताजं फूल असे. "आई म्हणते कोणीतरी करणी केलीय, गाडी विकून टाक." मी तिला समजावलं की इकडे गाडीला दृष्ट लागू नये म्हणून चाकाखाली लिंबू ठेवतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तिचा जीव भांड्यात पडला आणि माझा गोंधळ वाढला. दुसऱ्याच्या गाडीची दृष्ट काढणारा चोर कोण असेल?

मी आणि एट्टय्या गाडी पाहायला गेलो. कुलूप धड, वायरी धड. बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर स्कूटरचा रंग लागलेला होता, म्हणजे धडक खरी होती. बॉनेट उघडलं तर ऑइल स्वच्छ, बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावलेलं, चाकांत हवा नेमकी. चोरीच्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या, त्यांचे हाल बघवत नाहीत. ही गाडी तर लेकीसारखी जपलेली. "हे सगळं तुम्ही करता?" मी मुलीला विचारलं. "मला बॉनेट कसं उघडतात तेही माहीत नाही," ती म्हणाली.

एट्टय्यांचं मत पक्कं झालं होतं. मुलीचा कोणी मित्र आहे, तो दिवसा गाडी फिरवतो, अपघात त्याने केला आणि ती त्याला वाचवते आहे. खरं सांगायचं तर मलाही तेच पटत होतं. किल्ली एक, कुलूप धड, मग दुसरं काय असणार? दुसऱ्या दिवशी तिला बोलावून मी जरा चढ्या आवाजात चौकशी केली. ती रडली नाही, चिडली.

"सर, असा मित्र असता ना, तर मी त्याला कॉलर धरून इथे आणला असता! त्या बाईंचा पाय मोडलाय. मी हॉस्पिटलात जाऊन त्यांना भेटून आले. त्यांनी मला काय नाही ते ऐकवलं, आणि मी ऐकून घेतलं."

खोटं बोलणारा माणूस जखमीला भेटायला सहसा जात नाही. माझा संशय तिथे ढिला पडला, पण हाती दुसरं काही लागत नव्हतं.

मग गाडी विकणाऱ्याला बोलावलं. आमच्यासारखाच तंजावरकडचा मराठी, बँकेत नोकरी, शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीच्या टोकावर बसणारा. किल्ली घरातच हरवली म्हणाला. घरात कोण कोण असतं, असं विचारल्यावर म्हणाला, "मी, बायको, वडील." आणि लगेच पुढे म्हणाला, "वडील आता गाडी चालवत नाहीत." मी ते विचारलंच नव्हतं. चौकशीत माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो तेव्हा कान टवकारायचे, हे मी नव्या शिपायांना नेहमी सांगत असे.

त्या दुपारीच स्टेशनात फोन आला. गाडी उभी असते त्याच्या समोरच्या घरातल्या बाई तावातावाने बोलत होत्या. "पोलीस त्या गाडीभोवती सारखे का फिरतायत? तिचे मालक किती सज्जन आहेत!"

"मालक कोण, बाई?"

"पेरियवर आहेत ते. सकाळी येतात, गाडी पुसतात, लिंबू ठेवतात, मग तीच गाडी घेऊन देवळात जाऊन येतात. ती मुलगी त्यांची भाडेकरू असेल."

पेरियवर म्हणजे वडीलधारे गृहस्थ. सगळ्या गल्लीला तो माणूस माहीत होता आणि कोणालाही शंका आली नव्हती, कारण गाडी पुसणाऱ्याला गाडी कोणाची असं कोणी विचारत नाही. मुलगी तर त्याआधीच रेल्वे पकडायला निघून गेलेली असायची.

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघं साध्या कपड्यांत त्या बाईंच्या ओसरीवर बसलो. पांढरी वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसलेले, कपाळावर गंध लावलेले एक गृहस्थ आले. त्यांनी कव्हर काढून नीट घडी केली, ऑइलची पट्टी काढून पाहिली, काच पुसली, लिंबू ठेवलं. मग शर्टाच्या आत हात घातला आणि किल्ली बाहेर काढली. किल्ली जानव्याला बांधलेली होती! आमच्या घरातही आजोबा तिजोरीची किल्ली तशीच बाळगत. झडती घेतली तरी मुलाचा हात तिथे जाणार नाही.

मी पुढे होऊन तमिळमध्ये विचारलं, गाडी कोणाची? त्यांच्या उत्तरातला हेल ओळखून मी आपल्या तंजावरी मराठीवर आलो. ते खूश झाले.

"आमचीच की! मुलाने येथें लपवून ठेविली आहे. म्हणे मित्राकडे आहे. मज ठाऊक नाही वाटतें त्यास! देवळास जातां जातां मज दिसली."

"मग तुम्ही मुलाला सांगितलं का नाही?"

"सांगितलें तर दुसरीकडे लपवील." त्यांनी डोळे मिचकावले. "पेट्रोल भरून ठेवतों, म्हणजे कळत नाही. त्या मित्रास गाडीची काळजी नाही हो. ओल्या गाडीवर कव्हर घालतो. गंज नाही का यायचा?"

एट्टय्यांना मी अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. आम्हाला चोर सापडला होता, आणि त्याला आपण चोर आहोत याचा पत्ताच नव्हता. लबाडीचा हेतू नसेल तर चोरी होत नाही, हे कायदा सांगतो. पण धडकेचं काय?

त्यांना स्टेशनात आणलं, खुर्ची दिली, मुलाला आणि मुलीला बोलावून घेतलं. अपघाताचं विचारल्यावर म्हातारे उसळले. "मी? उभा जन्म गाडी चालविली, कोणास खरचटलें नाही. गाडी कोणास लागती तर मज दिसलें नसतें?"

मुलगा खाली मान घालून मला हळूच म्हणाला, "साहेब, त्यांना काचबिंदू आहे. डाव्या बाजूचं दिसत नाही. त्यांना ते पटत नाही. म्हणून मित्राकडे दिली असं सांगून मी गाडी परस्पर विकली."

मी म्हाताऱ्यांच्या समोर बसलो. त्यांना माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि त्यांच्या डाव्या बाजूला हात वर धरला.

"किती बोटं आहेत?"

"हात वर करा, मग सांगतों."

हात वरच होता. मी तो हलवला. मुलीने तोंडावर हात ठेवला. म्हातारे वाट बघत होते. "करा की," ते पुन्हा म्हणाले. मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, मान डावीकडे वळवली आणि त्यांना माझी बोटं दिसली.

उरलेलं मी सांगितलं. गाडी विकली आहे, ती आता या मुलीची आहे, आणि स्कूटरवरच्या बाईंचा पाय मोडला आहे.

"त्या बाई बऱ्या आहेत का?" त्यांनी आधी हे विचारलं. बऱ्या होतील, असं मुलीने सांगितलं. त्यांनी जानव्याची गाठ सोडून किल्ली तिच्या पुढ्यात ठेवली आणि मला म्हणाले, "माझ्या नावावर लिहा. हिच्या नको, ह्याच्या नको."

मग ते मुलाकडे वळले. "तूं सांगतास तर मी ऐकलें नसतें, तें खरें. भांडलों असतों. पण तूं सांगायचें होतेंस."

मुलगा ओक्साबोक्शी रडला. त्या मुलीचं नाव गुन्ह्यातून निघालं, तिला दाखला मिळाला. म्हाताऱ्यांवर रीतसर गुन्हा नोंदवला, कोर्टात त्यांनी कबुली दिली, दंड भरला. गाडी चालवण्याचं लायसन्स त्यांनी आपण होऊन परत केलं आणि त्या शिक्षिका बाईंच्या घरी जाऊन त्यांची माफी मागितली. कागदावर प्रकरण मिटलं. दोष मात्र नक्की कोणाच्या पदरात घालावा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. बापाच्या रागाला भिऊन एक साधं वाक्य न बोललेल्या मुलाचा, दुसरी किल्ली मागायला लाजलेल्या मुलीचा, की आपल्याला दिसतं असं मानून चाललेल्या त्या भल्या माणसाचा?

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्या मुलांना मी सांगतो की दोन्ही किल्ल्या मागा, एक हरवली म्हणाले तर कुलपं बदलून घ्या, आणि आधी ही गाडी घरात कोण कोण चालवायचं तेही विचारा. विकणारा तुमच्या गावचा असो की तुमच्या भाषेचा.

गेल्या वर्षी मी फाटकातून गाडी आत घेताना खांबाला घासली. रात्री जेवताना माझ्या मुलीने भाजी वाढता वाढता सरळ म्हटलं, "अप्पा, आता तुम्ही गाडी चालवायची नाही. किल्ली द्या." मला भयंकर राग आला. ताटावरून उठलो, दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली तिच्या हातात दिली, आणि तिने ती माझ्या डोळ्यांदेखत घेतली याचं मला फार बरं वाटलं.