शिंपीकाकांची पांढरी

गल्लीच्या टोकाला शिंपीकाकांचं दुकान आणि दुकानामागच्या पडवीत त्यांचे ससे. काकूंनी अर्धांगवायूने अंथरूण धरलं, तेव्हा त्यांना सोबत म्हणून काकांनी एक पांढरी मादी आणली होती. बाकीचे ससे तिचीच पिल्लावळ. पांढरी दिवसभर काकूंच्या पलंगावर असायची, दुपारी घटकाभर पिल्लांत जायची. काका म्हणायचे, घरात हुकूम दोघींचा, आपण फक्त गवत आणायचं.

एका थंडीत काकांनी बाजारातून नवा नर आणला आणि सरळ इतरांत सोडला. तो आल्यापासून शिंकत होता. हळूहळू सगळेच शिंकू लागले. गारठा बाधला असेल म्हणून काकांनी पिंजऱ्यांना गोणपाट बांधलं. कोंदट हवेत दुखणं आणखी फोफावलं.

दोन पिल्लं दगावली, तेव्हा कुठे त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी सशांचे पुढचे पाय उलटून दाखवले. आतली लव चिकटून कडक झाली होती. ससा वाहतं नाक पायांनीच पुसतो, म्हणून आधी तिथे बघायचं. गोणपाट काढा, आजारी वेगळे करा, आणि नवं जनावर महिनाभर तरी लांब ठेवायचं असतं, असंही त्या म्हणाल्या. काका खाली मान घालून ऐकत होते.

इंजेक्शनांनी बरेचसे वाचले. पांढरीही सावरली, पण ती पडवीत जाऊन आली की बाकीच्यांच्या शिंका पुन्हा सुरू. वरून बरी दिसली तरी रोग तिच्या अंगात मुरलाय, तिला कुणात मिसळू देऊ नका, असं बाईंनी बजावलं.

काकू अडखळत म्हणाल्या, "राहू दे माझ्याजवळ. मी तरी कुठे बाहेर जाते?"

तेव्हापासून काका दर खेपेला हात धुऊन, सदरा बदलून पडवीत जात.

उन्हाळ्यात पांढरीची मान एका बाजूला कलली. रोग कानात उतरला होता. ती गोल फिरून कोलमडायची. मग खाणंही सुटलं. आता तिला सोडवलेलंच बरं, असं बाईंनी सांगितलं. सुई दिली, तेव्हा काकूंनी चालत्या हाताने तिला धरून ठेवलं होतं. काका दुकानात जाऊन उभे राहिले.

चादर बदलायला ते आत आले, तेव्हा काकूंनी विचारलं, "कशाला आणलात तो नर?"

"पिल्लावळ वाढावी म्हणून."

काकूंनी भिंतीकडे तोंड केलं.

उरलेले ससे काकांनी कुणी मागूनही दिले नाहीत. दुसऱ्याच्या घरी दुखणं कशाला धाडू, म्हणायचे. एकेक करून ते पडवीतच संपले. शेवटचा गेला, त्या दिवशी काकांनी पिंजरे अंगणात काढून जाळले.