एका अक्षराचे तीन उच्चार

चिनी काढ्याचा कडवट वास आला की मला क्वीन्सटाउनमधले आमचे शेजारी, निवृत्त चिनी मास्तर आठवतात. २०१४ च्या सुमारास मी त्यांच्याकडे चिनी शिकायला जायचो. एके दिवशी त्यांनी धातूच्या वस्तूंसाठीचं एक जुनं अक्षर कागदावर काढलं. ‘याओ म्हटलं तर कुदळ, टिआओ म्हटलं तर भाला, आणि दिआओ म्हटलं तर ते,’ म्हणत त्यांनी शेगडीवर काढा उकळत असलेल्या दांड्याच्या भांड्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ तरातरा आत आला. ‘मला न विचारता आईला म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये टाकलंस?’ एवढं चिनी मला कळलं. ‘ती दोनदा पडली. मला उचलवत नाही,’ मास्तर म्हणाले. भावानं ते भांडं उचलून त्यांच्या अंगावर फेकलं. खांद्याची कातडी सोलून निघाली, तरी तो त्यांना बुक्क्यांनी मारतच राहिला. मी त्याला मागून ओढलं, तेव्हा त्याच्या कोपरानं माझं नाक फुटलं. आरडाओरडा ऐकून कुणीतरी बोलावलेले पोलीस आले. ‘भांडं माझ्याच हातून निसटलं,’ मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे पाहत राहिले. रक्त पुसत मीही ‘हो’ म्हटलं. आठवड्यानं गेलो, तर तोच भाऊ खाली मान घालून त्यांच्या खांद्याला मलम लावत होता. मी खोटी साक्ष दिली, आणि आज कुणी विचारलं तरी तीच देईन.